कुत्रा जेवत नाही, तेव्हा पहिला रुपया कुठे घालायचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाचा भाव, पीकविमा आणि वीजबिल यांवर बोलणे झाले. त्या विषयांवर आमच्यापेक्षा चांगले बोलणारे इथे बसलेले आहेत. आम्ही आज कुत्र्यावर बोलणार आहोत. हे सांगितले तेव्हा संयोजक हसले, तुमच्यातलेही काही जण आता हसले. हसा. पण मागची बैठक संपल्यावर पाच-सहा जणांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला होता, "भाऊ, वावरातला कुत्रा दोन दिवसांपासून भाकरीला तोंड लावत नाही, काय करावं? पैसे तर नाहीत." बैल आजारी पडला तर माणूस चारचौघांत मोठ्याने सांगतो. कुत्रा आजारी पडला तर कानात सांगतो, कारण कुत्र्यावर पैसे घातले म्हटले की गाव हसते. म्हणून म्हटले, जे कानात विचारले जाते त्याचे उत्तर एकदा माईकवर द्यावे.

आपल्या भागात कुत्रा ही काही हौस नाही. पेरणीपासून रानडुकरे आणि रोही, बोंडे धरली की माकडे, आणि रात्रीची जागल. ज्याच्या वावरात चांगला कुत्रा आहे तो खाटेवर दोन घटका डोळा लावू शकतो. ज्याच्याकडे नाही तो रात्रभर डबा वाजवतो, नाहीतर दुसरा माणूस मजुरीने लावतो. उत्पादनखर्चाच्या सरकारी तक्त्यात बैलाच्या श्रमाचा रकाना असतो, कुत्र्याच्या राखणीचा नसतो. सरकारने तो धरला नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही धरत नाही. तो जेवतो तोवर चालते. जेवायचा थांबला की आपली धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीत पैसे चुकीच्या जागी जातात. आमचे तेच झाले. म्हणून आधी आमची चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वाघ्या होता. पाच वर्षांचा, धिप्पाड, आवाज असा की बांधापलीकडचा शेजारी जागा व्हायचा. पावसाळ्यात त्याने जेवण कमी केले. आम्ही म्हटले, उन्हाचा आहे, पावसाचा आहे, होईल बरा. तिसऱ्या दिवशी त्याने भाकरी सोडली. दुकानात गेलो, काउंटरवरच्या मुलाने भूक वाढण्याचे टॉनिक दिले. फरक पडला नाही तेव्हा लिव्हरचे सिरप दिले. मग ढोरांना सुया टोचत गावोगाव फिरणारा एक इसम आला. पदवी नाही, परवाना नाही. त्याने दोन वेळा सलाईन लावले आणि ताकदीचे म्हणून एक इंजेक्शन दिले. मुलगी बिस्किटाचे पुडे आणून त्याच्या तोंडाशी धरायची. नवव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. दहाव्या दिवशी तो गोठ्याच्या भिंतीशी गेला आणि उठला नाही.

खर्च लिहून ठेवायची आम्हाला सवय आहे. टॉनिक २४०, सिरप १८०, दोन सलाईन ६००, इंजेक्शन ३५०, बिस्किटे १००. एकूण १४७० रुपये. एवढ्या पैशात वाघ्याला एकाही माणसाने तपासले नव्हते. ताप मोजला नाही, हिरडी पाहिली नाही, कानामागे हात घालून पाहिला नाही.

आता आमची लाज ऐका. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. वीस वर्षे तुमच्या बांधावर उभे राहून सांगत आलो की पान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया फेकू नका. पिवळे पान नत्राच्या कमतरतेने पडते, लोहाच्या कमतरतेने पडते, पाणी साचून पडते, मूळ सडून पडते. आधी झाड उपटून मूळ पाहा, मग दुकानात जा. दुसऱ्याच्या वावरात हे शहाणपण सांगणारे आम्ही, स्वतःच्या दारात कुत्रा पिवळा पडला तेव्हा टॉनिक आणायला धावलो. भूक जाणे हा रोग नाही, ते पिवळे पान आहे. मूळ वेगळेच असते.

गेल्या पावसाळ्यात चंपीने जेवण सोडले. ही वाघ्यानंतर आणलेली कुत्री, वजन सोळा किलो. या वेळी आम्ही खिशाला हात लावण्याआधी तिला हात लावला. काय पाहायचे ते क्रमाने सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही लक्षात ठेवली नाही तर बाकीचे ऐकू नका. जेवत नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात सरळ हात घालू नका. पिसाळलेला कुत्रा नेहमी चावत सुटतो असे नाही. पिसाळण्याचा एक प्रकार मुका असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, कुत्रा गिळू शकत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले आहे. माणूस मायेने हात घालतो आणि लाळ नखाच्या जखमेला लागते. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की माणूस बहुतेक वाचतच नाही. म्हणून कुत्र्याला लस टोचलेली नसेल, वागणे बदलले असेल, तो अंधारात लपत असेल, चालताना मागचे पाय ओढत असेल, लाळ गळत असेल, तर त्याला बांधलेले असू द्या, लेकरांना दूर ठेवा आणि डॉक्टरला कळवा. चावा बसला, ओरखडा निघाला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मिळते. हळद, चुना, तिखट काही भरू नका.

ही शंका नसेल, तरच पुढे चला.

पहिले पाहायचे ते पाणी. पाणी पितो आणि जेवत नाही, तर थोडा वेळ हाताशी आहे. पाणीही पीत नाही, तर वेळ कमी आहे. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच खाली बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. मग ओठ वर करून हिरडी पाहा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी होते. कायमच पांढरी असेल तर रक्त कमी झाले आहे. पिवळी असेल तर कावीळ.

दुसरा ताप. हात लावून किंवा नाक ओले-कोरडे पाहून कुत्र्याचा ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर आणा, त्याच्या टोकाला खोबरेल तेल लावा आणि दुसऱ्याने कुत्र्याचे डोके धरलेले असताना गुदद्वारात इंचभर घाला. तो थर्मामीटर कुत्र्याचाच ठेवा. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरम असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे. १०३.५ च्या वर गेले तर ताप आहे. ९९ च्या खाली आले तर ती तापापेक्षाही वाईट खूण.

तिसरे, कातडी. कानाच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. गोचीड तिथे असते. पोटावर लाल ठिपके आहेत का पाहा. कुठे जखम आहे का, तिला वास येतो का, किडे पडले आहेत का, तेही पाहा. कानातल्या किड्यांनी बेजार झालेले कुत्रे जेवण सोडते, आणि आपल्याला वाटते ते रुसले आहे.

चौथे, बाकीची चौकशी. उलटी किती वेळा, शेण कसे, त्यात रक्त आहे का, लघवी होते का. वावरात कालपरवा फवारणी झाली का. घरात उंदराचे औषध ठेवले होते का. भाद्रपद आहे का? नर कुत्रा माजावरच्या कुत्रीमागे असला तर दोन-तीन दिवस अन्नाकडे पाहत नाही, त्याला औषध लागत नाही. पण कुत्री माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील, पाणी फार पीत असेल, जेवत नसेल आणि मागून घाण जात असेल, तर पिशवीत पू झालेला असू शकतो. कधी पिशवीचे तोंड बंद असते आणि घाण बाहेर येतच नाही, नुसते पोट मोठे दिसते. यावर घरगुती उपाय नाही, तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

हे सारे एका कागदावर लिहा. तारीख, वार, शेवटचे केव्हा जेवला, लस केव्हाची. वजनही लिहा, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. कुत्र्याला कडेवर घेऊन पोत्याच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

चंपीचा ताप १०४.२ निघाला. हिरडी फिकी होती. कानात गोचिडांचा घोस होता. कागद घेऊन आम्ही तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना पहिलेच वाक्य असे बोललो, "साहेब, आमच्याजवळ दीड हजार आहेत. यात सगळ्यात आधी काय करायचं ते तुम्ही सांगा." भावांनो, हे वाक्य बोलायला लाजू नका. डॉक्टरला आपला खिसा माहीत नसतो. आपण गप्प बसलो तर तो चार तपासण्या आणि पाच औषधे लिहून देतो, आपण त्यातली दोन आणतो, आणि नेमकी महत्त्वाची तीच राहून जाते. आकडा सांगितला की तो क्रम लावून देतो.

डॉक्टरांनी तिच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि तपासायला दिला. गोचिडाचा ताप निघाला. गोचीड रक्त पिते तेवढेच तिचे नुकसान नाही. ती रक्तात रोगाचे जंतू सोडते. ते एकाच जातीचे नसतात. एकाला जे औषध लागते ते दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणूनच अंदाजाने औषध आणण्यापेक्षा तो थेंब स्वस्त पडतो. चंपीला माणसांच्याही मेडिकलमध्ये मिळणारे डॉक्सीसायक्लिन लिहून दिले, वजनाप्रमाणे, अठ्ठावीस दिवस. ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून दोन घास पोटात गेल्यावर द्यायची, आणि घशात चिकटू नये म्हणून वर पाणी पाजायचे. चौथ्या दिवशी चंपी शेपूट हलवू लागली. सालगडी म्हणाला, "आता बरी झाली, कशाला गोळ्या वाया घालता?" आम्ही अठ्ठावीस दिवस पुरे केले. अर्ध्यावर सोडलेले औषध म्हणजे अर्ध्यावर सोडलेली निंदणी. राहिलेले तण पुन्हा वाढते.

वाघ्याची हकिगत आम्ही त्याच डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "नाकातून रक्त, गोचीड, ताप, हे त्याच रोगाचं वाटतं. पण तपासलं नाही, तेव्हा नक्की कसं सांगू?" आम्ही गप्प बसलो.

चंपीचा हिशोब ऐका. थर्मामीटर १३०, पेट्रोल २००, दवाखान्याची पावती २०, रक्ततपासणी २५०, गोळ्या ३८०, क्षारसंजीवनीच्या पुड्या ८८, गोचिडाचे औषध १६०, अंडी ९८, अर्धा किलो कोंबडी १२०. एकूण १४४६. वाघ्यावर १४७०, चंपीवर १४४६. पैसा तेवढाच. वाघ्याच्या वेळी पहिला रुपया बाटलीवर गेला, चंपीच्या वेळी तपासणीवर गेला.

आता खाण्याचे. औषध लागू पडेपर्यंत अंगात काहीतरी जायला हवे. इथेही क्रम आहे, आधी पाणी आणि मग अन्न.

उलटी होत नसेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर क्षारसंजीवनी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त घालू नका. सोळा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागते, ते दहा-बारा वेळा थोडे थोडे द्यायचे. आपणहून पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या फटीतून हळूहळू सोडा, डोके सरळ ठेवून. मान वर करून नाळीने ओतण्याची जी रीत आहे ती सोडून द्या. ते पाणी फुप्फुसात जाते आणि रोगाने न मेलेला कुत्रा पाजण्याने मरतो. घास कोंबण्याचेही तेच.

उलटी होत असेल तर मोठ्या कुत्र्याला सहा-आठ तास अन्न देऊ नका, पाण्याचे नुसते घोट द्या. त्यानंतरही उलटी थांबली नाही तर डॉक्टर. पाणी पोटात टिकत नसेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देऊ शकतात. शिरेतल्या सलाईनपेक्षा ते स्वस्त पडते, आणि त्यांनी शिकवले तर पुढचे घरीही देता येते. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका. पिल्लाच्या रक्तातली साखर लवकर उतरते. ते मलूल पडले तर गुळाचे किंवा साखरेचे पाणी बोटाने हिरडीला चोळा आणि दवाखाना गाठा.

कुत्रा नाकाने जेवतो. नाक चोंदले की त्याला भाकरी आणि दगड सारखेच. आधी ओल्या कोमट फडक्याने नाक-डोळे पुसा. अन्न कोमट करून द्या, म्हणजे वास सुटतो. मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, किंवा त्या पाण्यात कुस्करलेली भाकरी. खाटकाकडे काळीज स्वस्त मिळते. त्याचा लहानसा उकडलेला तुकडा वासासाठी पुरतो. माळकरी घरात अंडेही चालत नसेल तर फोडणी न दिलेल्या वरणाचे पाणी आणि भात, वर चमचाभर दही. दूध फार देऊ नका, जुलाब लागतात. तिखट, तेल, मसाला नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, तेव्हा मायेने मनुका भरवू नका.

किती द्यायचे? हिशोब सोपा आहे. वजनाला तीसने गुणा, त्यात सत्तर मिळवा. सोळा किलोला साडेपाचशे कॅलरी. पडून असलेल्या कुत्र्याला दिवसाला तेवढ्या पुरतात. पाव किलो शिजलेला भात, शंभर ग्रॅम उकडलेली कोंबडी आणि एक अंडे, एवढ्यात त्या भागतात. पण पहिल्या दिवशी सगळे नको. एक अंडे आणि दीड मूठ भात, तेही चार-पाच वेळा विभागून. तीन दिवसांत पुऱ्या मापावर या. शांत जागी, दुसऱ्या कुत्र्यांपासून दूर बसवून, हातावर द्या. पंधरा-वीस मिनिटांत खाल्ले नाही तर उचलून घ्या. दिवसभर समोर ठेवलेल्या अन्नाचा त्याला वीट येतो, आणि माशा बसतात त्या वेगळ्या.

आता काय करू नये. घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी त्याच्या जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंड जाते. पॅरासिटामॉलही डॉक्टरला न विचारता नको. गिधाडे मरू लागली म्हणून जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली हे तुम्हाला माहीत आहे. कुत्र्यालाही ते सोसत नाही. गोचिडावर रॉकेल, ऑइल किंवा कपाशीचे कीटकनाशक चोपडू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जाते. ढोरांच्या गोचिडाचे औषधही अंदाजाने नको. हाताला दिसणारी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखावर चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. आणि लक्षात ठेवा, अंगावर दिसते ते पीक आहे, बियाणे भिंतीच्या फटीत आहे. कुत्र्याची गोचीड हजारांनी अंडी घालते ती फटीत, खाटेच्या सांध्यात. फटी लिंपा, त्याची जागा झाडून काढा, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा. हे न करता नुसता कुत्रा धुणे म्हणजे बांध न बांधता पाणी देणे.

विषबाधेचे वेगळे सांगतो. फवारणीनंतर कुत्रा जेवत नाही, लाळ गाळतो, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, अंग थरथरते, तर ते कीटकनाशक असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने आपली माणसे गेली. जे माणसाला मारते ते कुत्र्याला सोडणार नाही. डबा किंवा निदान त्याचे लेबल घेऊन तासाच्या आत डॉक्टर गाठा. काही विषांवर उतारा आहे, पण विषाचे नाव कळले तरच. उंदराच्या औषधांतही दोन तऱ्हा आहेत. झिंक फॉस्फाइडचा पोटात विषारी वायू होतो, तेव्हा अशा कुत्र्याला बंद खोलीत ठेवू नका आणि ओकारीचा वास घेऊ नका. दुसरे रक्त न गोठू देणारे. त्यात कुत्रा दोन-चार दिवस बरा दिसतो आणि मग रक्त जाऊ लागते. त्यावर व्हिटॅमिन के-वन हा उतारा डॉक्टर देतात. मीठ पाजून ओकवण्याचा प्रयोग करू नका. मिठानेच कुत्रा दगावतो.

कधी थांबायचे नाही, तेही ऐका. पिल्लू बारा तास जेवले नाही, मोठा कुत्रा दोन दिवस जेवला नाही, वारंवार उलटी, रक्ताचे जुलाब, पांढरी हिरडी, फुगून कडक झालेले पोट, झटके, श्वासाची ओढ, लघवी बंद. यातले काहीही दिसले की पेज शिजवत बसू नका. पिल्लाला उलटी आणि घाण वासाचे रक्ताळ जुलाब असतील तर तो पार्वो असू शकतो. त्यात एका दिवसाचा उशीर जीव घेतो.

जायचे कुठे? आधी तालुक्याचा किंवा गटाचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथली फी परवडते. फिरत्या पथकासाठी १९६२ हा फोन आहे. ते पथक मुख्यतः ढोरांसाठी असते, कुत्र्यासाठी येतील का हे फोनवरच विचारा. मोठे दुखणे असेल तर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि मुंबईत परळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात आधी पाहा.

आणि सगळे करूनही काही वेळा जमत नाही. पैसा संपतो किंवा रोग पुढे गेलेला असतो. तेव्हा त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येऊ नका, भाकरीत विष घालू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा वाचेल का?" नाही म्हणाले, तर इंजेक्शनने त्याचा त्रास संपवता येतो. ज्याने आपली जागल केली त्याच्याजवळ शेवटच्या रात्री आपणही बसावे, एवढे तर आपण देणे लागतो.

शेवटी कामाचे बोलतो. या बैठकीत आणखी दहा ठराव होतील, त्यात आमचे तीन धरा. पहिला, प्रत्येक गावच्या शाखेने कुत्र्या-ढोरांसाठी एक थर्मामीटर ठेवावा आणि दवाखान्याचा फोन फलकावर लिहावा. दुसरा, दरवर्षी २८ सप्टेंबरला रेबीज दिवस असतो, लुई पाश्चरचा तो स्मृतिदिन. त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी कुत्र्यांना मोफत लस देतात. आपल्या दवाखान्यात आधी अर्ज द्या. मोफत नसेल तर दहा घरे एकत्र या. दहा कुत्र्यांची बाटली एकदम आणली की प्रत्येकी खर्च कमी पडतो. तीन महिन्यांच्या पिल्लापासून सुरुवात, पुढे वर्षातून एकदा. तिसरा, कुत्र्यावर पैसे घातले म्हणून कोणी कोणाला हसायचे नाही.

आमच्या खर्चाच्या वहीत आता राखणीचा एक रकाना आहे. त्यात वाघ्याचे १४७० आहेत आणि चंपीचे १४४६. पहिला आकडा आम्ही खोडला नाही. घरी जाल तेव्हा कुत्र्याला भाकरी टाकण्याआधी एकदा त्याची हिरडी पाहा. निरोगी हिरडीचा रंग आज पाहून ठेवाल, तर बदललेला रंग त्या दिवशी ओळखाल.